दुसऱ्यानंतर थेट पहिला

मी जन्मले त्या दिवसाला तारीख नव्हती.
आई म्हणायची, बाराव्या महिन्याचा सतरावा,
रात्रभर बर्फ, सुईण वाट चुकलेली.
पण सरकारने तो महिना दोनच दिवस चालवला.
दुसऱ्या दिवसाची रात्र सरली आणि उजाडला
परक्यांच्या वर्षाचा पहिला.
मधले अठ्ठावीस दिवस
कुणी जगलं, कुणी मेलं, मी जन्मले,
वहीत काहीच नाही.

मात्सुमोतोच्या बाजारात कुजबुज होती :
येतं वर्ष तेरा महिन्यांचं होतं म्हणे,
कारकुनांना तेरा पगार द्यावे लागले असते
आणि तिजोरीत खडखडाट.
दुष्काळात तेरावा महिना कुणाला हवा?
कोळसेवाला रोकुसुके वर्षअखेरची उधारी मागायला
महिनाभर आधीच दारात उभा.
मोचीचा तांदूळ अजून भिजायचा होता.

माझा बाप कान्बेए घड्याळजी.
त्याच्या घड्याळात दिवसाचे सहा भाग, रात्रीचे सहा.
उन्हाळ्यात दिवसाचा भाग ऐसपैस,
थंडीत अंग चोरून बसलेला.
पहाटे एकदा, तिन्हीसांजेला एकदा
आडव्या दांडीवरची वजनं तो सरकवायचा,
एक खाच इकडे, एक खाच तिकडे,
सूर्याला विचारून.
दुपारी नऊ ठोके, मग आठ, मग सात,
घाट उतरत यावं तसे.

जिल्हा कचेरीतून एक तरुण आला.
डोक्यावर विलायती टोपी, पायात गवताच्या चपला.
घड्याळाकडे बघून म्हणाला, "हे जुनं."

बाप सांगायचा, तोवर ते नुसतं घड्याळ होतं.
कधी पुढे, कधी मागे, कधी रुसलेलं.
जुनं कधीच नव्हतं.
तो शब्द त्या माणसाने सोबत आणला
आणि जाताना आमच्याकडेच विसरला.

पुढे आगगाडी आली, गॅसचे दिवे आले,
गोमांसाची खानावळ आली. सगळं हप्त्याहप्त्याने.
जुनं मात्र एका दिवसात आलं,
फुकट, घरोघर.
आजोबांची शेंडी, माघारी वाहणारे ठोके, पौर्णिमा,
सगळ्यांना पुरलं.

बाराव्या वर्षी मला ओकायाच्या रेशीम गिरणीत धाडलं.
वजनं सरकवणाऱ्याला आता कोण विचारतो?
बापाने आगाऊ रक्कम मोजली नाही,
तशीच बाहीत घातली.
कोशांची उकळती कढई, बोटांची साल निघायची.
भिंतीवर नवं घड्याळ. साठ मिनिटं,
उन्हाळ्यात साठ, हिमवर्षावात साठ.
मुकादम म्हणायचा, याला पक्षपात ठाऊक नाही.

पण मी घड्याळजीची लेक.
ऊन खिडकीच्या तिसऱ्या गजाशी आलं की किती वाजतात
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
एकदा ऊन गज ओलांडून गेलं, डोंगरापलीकडे गेलं,
काटा आपला तिथेच.
रात्री पाणी प्यायला उठले तर
मालकाचा पुतण्या स्टुलावर चढून
काटा मागे घेत होता, अगदी हळुवार,
बापासारखाच.

मला हसू फुटलं, कढईतल्या पाण्यासारखं.
दोघेही सरकवणारेच.
विचारत मात्र वेगवेगळ्याला.

आता नातू सेन्तारो तोक्योहून येतो.
स्वतःला मॉडर्न म्हणवतो.
सांगतो, परक्या भाषेत त्या शब्दाच्या मुळाशी
'आत्ताच, नुकतंच' असं काहीसं आहे.
अरे, नुकतंच म्हणजे कधीचं?
मी जन्मले तेव्हापासून नुकतंच चाललंय.
तो मनगटाकडे बघतो.
परवा कॉफीच्या दुकानात एक पोरगी
त्याच्या कॉलरला हसली म्हणे, "गेल्या सालची!"
दोन दिवस धड जेवला नाही.
मी त्याच्या ताटात लोणचं वाढलं, बोलले नाही.
बापाला गवती चपलांचा माणूस भेटला होता,
याला पोरगी भेटली. वेळेचा फरक.

नोंदवहीत माझी तारीख पंधरा जानेवारी लिहिलीय.
नव्या पंधराव्याला चंद्राचा भरवसा नसतो,
कधी नखाएवढा, कधी बेपत्ता.
असो.

एक सांगायचं राहिलं.
त्या गेलेल्या महिन्याचं व्याज
रोकुसुके मरेपर्यंत मागत होता.
बाप वजनं पुसत शांतपणे म्हणायचा,
"आधी महिना दाखव."